समुद्राचं देज

सान्तियागो, २४ मे १९६०

एर्मिंदा आत्या,

टपालातला माणूस म्हणतो, पत्र तेमुकोपर्यंत जाईल, पुढे रस्ता नाही आणि रूळही नाहीत, पुढचं तुमचं नशीब. तरी लिहितो आहे, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

इथे बेकरीत आम्ही दक्षिणेकडचे चौघे आहोत. रविवारी दुपारी पीठ मळताना वरचा दिवा झुलायला लागला. बाकीचे दाराकडे पळाले आणि आम्ही चौघांनी, एकमेकांना न विचारता, पावाचे पत्र्याचे साचे उचलून डोक्यावर धरले. मालक हसून हसून बेजार. "अरे खुळ्यांनो, छप्पर पडलं तर हा पत्रा वाचवणार तुम्हाला?" त्याला काय सांगू, की पत्रा छपरासाठी नाही, डोंगरातला साप त्रेन्त्रेन डोंगर वर उचलायला लागला की सूर्य डोक्याला टेकतो, त्यासाठी! सान्तियागोत कसला आलाय त्रेन्त्रेन. पण आजीने लावलेली सवय.

मग कोणीतरी रेडिओ लावला आणि मालकाचं हसू थांबलं. समुद्र मागे गेला आणि परत आला, एवढंच कळतं. मोठ्या बंदरांची नावं घेतात. आपल्या वस्तीचं नाव कोण घेणार?

सगळे वर चढलात ना? गुरं सोडवत बसतो म्हणून बाबांनी हट्ट केला नाही ना? आणि ओतिलिया? ती त्या दिवशी घरीच होती ना? तिचं मात्र वेगळं लिही. एक ओळ पुरे.

तुझा,
बेलार्मिनो

•

त्रेन्त्रेन डोंगरावरून, २ जून

बेलार्मिनो, बाळा,

तुझं पत्र मिळालं. पाद्रीबाबांच्या घोड्यावर तेमुकोहून पीठ आलं, त्याच पोत्यात होतं. तू एक ओळ मागितलीस, तर ती आधी लिहिते, मला वळसे घालता येत नाहीत. तुझी बहीण सापडलेली नाही. जिवंत नाही आणि दुसऱ्या रीतीनेही नाही.

त्या दिवशी सकाळी ती आणि शेजारच्या क्लोरिंदाची रोसाल्बा, दोघी टोपल्या घेऊन शेवाळ काढायला किनाऱ्याकडे गेल्या. जेवणं झाली आणि जमीन हलली. अशी हलली की उभं राहता येईना, मी गवताला धरून पडून राहिले. मग समुद्र मागे ओढला गेला, इतका मागे की कधी न पाहिलेले खडक उघडे पडले. आपला म्होरक्या, लोन्को पास्कुआल, ओरडला, "काइकाइ श्वास घेतोय! वर चला!" डोंगराच्या पोटातून तेन-तेन असा आवाज येत होता, मी माझ्या कानांनी ऐकला. समुद्रातला साप काइकाइ पाणी चढवतो, डोंगरातला साप त्रेन्त्रेन पाठ वर करतो, आणि मधल्या वेळात माणसांनी पळायचं, असं आजी सांगायची. मला वाटायचं, म्हातारी आम्हाला झोपवायला सांगते.

पळालो. कोणाच्या डोक्यावर परात, कोणाच्या कटोरा. तुझ्या बापाने फळीवरची कढई डोक्यावर पालथी घातली, तीत चरबी होती याचं भान कुठलं! माथ्यावर पोचला तेव्हा केस, मिशा, कान, सगळं चरबीने माखलेलं. एरवी मी आठवडाभर हसले असते.

पाणी तीनदा आलं. आम्ही सगळे वाचलो, त्या दोघी सोडून.

खाली उतरलो तर आपलं बटाट्याचं शेत नाही. जमीन खचली आहे, तिथे तळं झालंय आणि भरतीला त्यात समुद्राचं पाणी येतं. त्या तळ्यात मासे. बोय, कोर्विना, इतके की पाणी उकळल्यासारखं दिसतं. आपल्याच दारासमोर, दुसऱ्या कोणाच्या नाही. याचा अर्थ सांगायला लोन्को कशाला हवा? समुद्राने मुलगी नेली आणि रीतीप्रमाणे तिच्या बदल्यात तिच्या बापाला देज धाडलं.

आणि तुझा बाप काठी घेऊन तळ्याकाठी बसला आहे. "कोणी हात लावायचा नाही. मी मुलगी दिलेली नाही." देज घेतलं की सोयरीक पक्की, मग ती माघारी येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आणि बापाने घेण्याआधी दुसऱ्याने त्यातला मासा उचलणं म्हणजे लग्नघरी चोरी. त्यामुळे सगळी वस्ती बसून आहे. बटाट्याची पेवं वाहून गेली, पोरं भिजलेला गहू चघळतात आणि समोर मासे उड्या मारतात. लोन्को म्हणाला, "देसिदेरियो, जावयाचा अपमान करू नकोस. तो परत येईल, आणि या वेळी एकटीसाठी येणार नाही." तुझा बाप म्हणाला, "येऊ दे. काठी आहे माझ्याकडे."

क्लोरिंदा बोलत नाही, रडतही नाही. काल एवढंच म्हणाली, "तुमची निदान मागून नेली. माझी फुकट नेली. माझ्या दारात एक शेपटीसुद्धा नाही." मी तिच्या पाठीवर घोंगडी टाकली.

तुझ्या बापाला कसं समजवायचं ते सांग. तू त्याचा थोरला. माझं तर तो लहानपणापासून ऐकत नाही.

तुझी आत्या,
एर्मिंदा

•

सान्तियागो, ९ जून

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून राहिलो. मग पुन्हा वाचलं, आणि एका जागी अडकलो. शेवाळ काढायला. आत्या, आपली ओतिलिया शेवाळाच्या नावाने नाक मुरडायची. थंडीत तर तिला ढकलून पाठवावं लागायचं. त्या दिवशी आपणहून गेली?

ऐक. मार्चमध्ये तिचं पत्र आलं होतं. कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती, पण आता शपथ पाळून काय करू? तिचं एका मुलावर मन बसलं आहे. सरोवरापलीकडचा फेलिसियानो काल्फिन. हो, तेच काल्फिन. पालिनच्या काठी-चेंडूच्या खेळात ज्याच्या काठीने बाबांचे पुढचे दोन दात पडले, त्या अन्सेल्मोचा मुलगा. तिने लिहिलं होतं, "बाबा त्या घरी मला जन्मात देणार नाहीत. म्हणून तो मला पळवून नेणार आहे, जुन्या रीतीने. मग त्याची माणसं देज घेऊन येतील आणि बाबांना ओरडण्याखेरीज काही उरणार नाही." दिवस कळवला नव्हता. पण मला वाटतं, तो रविवार तोच असावा.

म्हणजे ती पलीकडच्या डोंगरावर असू शकेल. पण मग दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप्या यायला हवा होता, रीतच आहे. तो का आला नाही, याचं जे उत्तर सुचतं ते लिहवत नाही. त्या दोघांची वाट सरोवराच्या काठानेच जाते.

बाबांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. खोटी आशा लावून पुन्हा तोडायची, तर त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. मला इथून कळत नाही, तुला त्यांचं तोंड दिसतं.

बेलार्मिनो

•

त्रेन्त्रेन डोंगरावरून, १७ जून

बेलार्मिनो,

सांगितलं. दोन दिवस पत्र कमरेला खोचून फिरले, मग काल सकाळी त्याला मातेचा चहा ओतून दिला आणि म्हटलं, "तुझी पोरगी कदाचित समुद्राकडे नाही, काल्फिनांकडे आहे."

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. उठून उभा राहिला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, "त्या दातपाड्याच्या घरी? त्यापेक्षा समुद्र बरा!"

आणि त्याच क्षणी जमीन हलली. बारकासाच धक्का, रोजच हलते आता, आम्ही ताटसुद्धा सावरत नाही. पण तुझा बाप गुडघ्यांवर पडला आणि समुद्राकडे बघून दोन्ही हात हलवायला लागला. "नाही, नाही! तसं नाही म्हणालो मी! समुद्र नको! दातपाड्या चालेल! ऐकलंस का? चालेल मला दातपाड्या!" लोकांना हसू आवरेना, मलाही. मग तो जमिनीवर कपाळ टेकून रडायला लागला. इतके दिवस काठी धरून बसला होता, एक टिपूस काढलं नव्हतं.

रडून झाल्यावर त्याने पलीकडे पाहिलं. तुला माहीतच आहे, काल्फिनांच्या डोंगराला तो कधी त्रेन्त्रेन म्हणाला नाही. "टेकाड आहे नुसतं, त्यात साप सोड, गांडूळही नसेल." त्या टेकाडावर रोज धूर दिसतो, म्हणजे तीही माणसं वाचली. म्हणाला, "एर्मिंदा, रोज मी त्या धुराला शिव्या घातल्या. म्हटलं, हे बघा, मजेत चूल पेटवून बसलेत. ती चूल माझ्या पोरीची असली तर?"

मी विचारलं, "आणि ती तिथे नसली तर?"

"तर परत येईन आणि मासे घेईन." एवढं बोलून त्याने काठी माझ्या हातात दिली.

लोन्कोने आपली घोडी दिली. सरोवराने काठ गिळला आहे, होड्या वाहून गेल्या, पूल नाही, त्यामुळे डोंगरांवरून लांबचा वळसा घेऊन जायचं आहे. पाऊस लागून राहिलाय. मी काठी धरून तळ्याकाठी बसले आहे, पोरं माझ्याकडे बघतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. आज क्लोरिंदा येऊन शेजारी बसली. विचारते, "ओतिलिया सापडली, तर रोसाल्बाही तिच्याबरोबर असेल का गं?" मी नाही म्हणाले नाही, हो पण म्हणाले नाही.

एर्मिंदा

•

काल्फिनांच्या वस्तीवरून, ६ जून

दादा,

एकदाचं केलं बघ! पळाले. म्हणजे पळवलं गेलं, रीतीप्रमाणे ओरडलेसुद्धा थोडी, वळणावर ऐकायला रोसाल्बाखेरीज कोणी नव्हतं तरी. हे पत्र लाकडाच्या ट्रकवाल्याकडे देते, तो लांबच्या रस्त्याने तेमुकोला जाणार आहे. कधी पोचेल कोण जाणे.

आम्ही घोड्यावरून सरोवराच्या वरच्या टोकाला पोचलो आणि जमीन हलली. घोडा आम्हा दोघांना टाकून पसार झाला. मग धावत डोंगर चढलो. दादा, मी त्यांच्या डोंगरावर चढले आणि मनात बाबांचा आवाज, "टेकाड आहे ते!" पाणी खालपर्यंत आलं, घुसळलं, आणि डोंगर जागचा हलला नाही. बाबांना हे सांगायचं धाडस मात्र मी करणार नाही.

इथे सगळे बरे आहेत माझ्याशी. सासूबाई कमी बोलतात. सासरे, अन्सेल्मो, जास्त बोलतात. पण एका गोष्टीला अडून बसले आहेत. मी म्हटलं, "बाबांकडे निरोप्या पाठवा, देजाचं बोला." म्हणाले, "सूनबाई, दोन साप भांडत असताना कोणी सोयरीक बोलत नाही. समुद्राला वाटेल, डोंगर डोंगराशी हातमिळवणी करतोय त्याच्याविरुद्ध. जमीन निजू दे, मग जाऊ." जमीन काही निजत नाही. रोज हलते आणि रोज ते म्हणतात, उद्या बघू. तुला लिहिलं तर चालतं, तुझ्याशी सोयरीक बोलायची नाही ना.

मला तशी काळजी नाही. रोसाल्बा माझ्याबरोबर वळणापर्यंत आली होती. सगळं तिच्याशी ठरलं होतं, संध्याकाळी तिनेच बाबांना सांगायचं होतं. सांगितलं असेलच. रोज आपल्या डोंगरावरचा धूर दिसतो, मला वाटतं, तो बाबांच्या रागाचाच आहे. चांगला दाट असतो.

घरी लिहिशील तेव्हा रोसाल्बाला कळव, घोडा उसना होता. ती म्हणाली होतीच, "ज्याच्याकडे स्वतःचा घोडा असतो, तो इतका तोऱ्यात बसत नाही." तिला फार बरं वाटेल.

तुझी,
ओतिलिया

•

सान्तियागो, २१ जून

आत्या, आत्या,

आहे! जिवंत आहे! तिचं पत्र आज आलं, सहा तारखेचं. काल्फिनांच्या डोंगरावर आहे, खाऊनपिऊन आहे, सासऱ्याच्या चुगल्या करते आहे. पत्र वाचून मी ओरडलो, तशी भट्टीवरच्या तिघांनी पुन्हा साचे डोक्यावर धरले! मालकाने आज सगळ्यांना गोड पाव वाटले, त्याला नीटसं कळलं नाही कशाचे.

बाबांना सांग, काठी टाका. त्यांचं शेत बुडालं, मुलगी नाही. मी आज पहिल्यांदा रात्रभर झोपणार आहे.

एक गोष्ट तुझ्यावर सोपवतो, मला ती लिहूनही जड जाते. निरोप रोसाल्बाने आणायचा होता. म्हणून तो आला नाही. ओतिलियाला अजून काहीच माहीत नाही, तिने रोसाल्बासाठी थट्टेचा निरोप धाडलाय. मी तो कोणाला कळवू?

बेलार्मिनो

•

घरून, ३० जून

बेलार्मिनो, बाळा,

तुझी बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा ती बातमी चुलीपाशी बसून माझ्याच चपला वाळवत होती. तरी पत्र दोनदा वाचून घेतलं तिने. ओतिलिया घरी आहे, तिचा फेलिसियानो घरी आहे, आणि दोन पोती बटाटे आहेत. पोरगा बरा आहे. तोऱ्यात बसतो खरा.

पलीकडे काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. तुझा बाप चिखलाने माखून त्यांच्या अंगणात शिरला. ओतिलिया दारात गहू पाखडत होती. त्याने घोडीवरून उतरून तिचे दंड चाचपले, मग केस, मग पुन्हा दंड.  ती घाबरून म्हणाली, "बाबा, ओरडा ना काहीतरी!" तर म्हणाला, "ओले नाहीत. केस ओले नाहीत तुझे." आणि तिथेच दारात बसला.

अन्सेल्मो बाहेर आला.  तुझा बाप म्हणाला, "मी याला टेकाड म्हणायचो. डोंगर आहे." अन्सेल्मो म्हणाला, "साप लांब असतो, देसिदेरियो. त्याची पाठ इथेही आहे, तुमच्याकडेही आहे." "डोकं आमच्याकडे," तुझा बाप म्हणाला. "असेल," अन्सेल्मो म्हणाला, आणि मोठं मन केलं बघ त्याने. मग जमीन हलत असतानाच देजाचं बोलणं झालं. घोडी देत होता, गाय देत होता. तुझ्या बापाने सांगितलं, "आता बटाटे दे, वस्ती उपाशी आहे. बाकीचं जमीन निजल्यावर." अन्सेल्मोने विचारलं, "आणि ते दात?" "दातांचा हिशेब वेगळा," तुझा बाप म्हणाला, आणि ओतिलिया सांगते की दोघंही हसले.

रोसाल्बाचं तिला तिथेच कळलं. येताना वाटभर रडत होती.

परवा दुपारी ते आले. सगळी वस्ती तळ्याकाठी जमली. बायकांनी ओतिलियाला कुरवाळलं, मुलं तिच्या अंगाला लोंबकळली. मग गर्दी बाजूला झाली, कारण क्लोरिंदा आली होती. तिने ओतिलियाच्या मागे पाहिलं, घोडीच्या मागे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"कुठपर्यंत होती तुझ्याबरोबर?" तिने विचारलं.

"वळणापर्यंत, मावशी. मग ती किनाऱ्याकडे गेली. हसत होती."

क्लोरिंदाने मान हलवली. हसत होती, असं स्वतःशीच म्हणाली आणि एका दगडावर बसली.

लोन्कोने तुझ्या बापाला विचारलं, "मग देसिदेरियो, या माशांचं काय?" तुझ्या बापाने माझ्या हातातली काठी घेतली. "मुलगी माझ्या घरात आहे. म्हणजे हे देज नव्हतं. नुसते मासे आहेत. खा." एवढं ऐकायचा अवकाश, पोरं टोपल्या घेऊन धावली.

"थांबा," क्लोरिंदा म्हणाली.

ती उठून आली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच सरळ निघाला. "देसिदेरियो, नीट सांग. हे तुझं नाही ना? खात्रीने?"

"माझं नाही."

"मग माझं आहे. त्याचं दार चुकलं. दोन घरं शेजारी, पाण्यातून त्याला काय दिसणार? त्याने माझी फुकट नेलेली नाही."

  तुझ्या बापाने टोपी काढली. इतके दिवस राखलेल्या त्या तळ्याकाठी तो बाजूला सरकला आणि तिला वाट करून दिली. माझ्या भावाचा मला आयुष्यात कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, लिहून टाकते, त्याला दाखवू नकोस.

क्लोरिंदा गुडघाभर पाण्यात शिरली. एक बोय पकडला, छातीशी धरला, आणि समुद्राकडे तोंड करून, सासू जावयाशी बोलते तशी, खड्या आवाजात बोलली. "पोचलं. घेतलं मी. आता तिला नीट वागव. तिला पहाटेची थंडी सोसत नाही." मग ती रडली. आम्ही सगळ्या बायका पाण्यात शिरलो आणि तिच्याबरोबर रडलो, आणि रडून तिचा चेहरा मोकळा झाला, तो मी पाहिला.

मग तिने बाह्या सरसावल्या आणि यजमानीण झाली. कोणी किती मासे काढायचे, कुठली चूल पेटवायची, बटाटे कोणी सोलायचे, सगळं तीच सांगत होती. तुझ्या बापालाही तिने लाकडं फोडायला लावलं. शिजल्यावर वाढायचा मानही तिचाच. पहिलं ताट लोन्कोला जाईल असं आम्हाला वाटलं होतं. तिने ते ओतिलियापुढे ठेवलं. ओतिलियाचा हात उचलेना, ती नुसती ताटाकडे बघत राहिली.

"खा गं," क्लोरिंदा म्हणाली. "मैत्रिणीच्या लग्नाचं जेवण आहे."

तुझी,
एर्मिंदा आत्या